सरकारची वही कोणी वाचायची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या जुन्या पेठेतून चक्कर मारावी. दुकानादुकानांतून पाटावर लाल कापडाच्या बांधणीची नवी चोपडी ठेवलेली असते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले असते, आणि अलीकडे तिच्या शेजारी संगणक मांडून त्यालाही हळदकुंकवाची बोटे लावलेली असतात. थट्टा करणारे थट्टा करतात. आम्हाला मात्र त्या पूजेत भाबडेपणापेक्षा शहाणपणच अधिक दिसते. ज्या वहीवर आपले पोट चालते ती वर्षातून एकदा तरी समोर घेऊन बसावे, कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे ते पाहावे, आणि मग नवे पान उघडावे, एवढाच तिचा अर्थ.

आपणा सर्वांची मिळून आणखी एक वही आहे. काडेपेटीपासून मोटारीपर्यंत आपण जे जे विकत घेतो त्यावरचा कर तिच्या जमेच्या बाजूला पडतो आणि शाळा, दवाखाने, रस्ते, धरणे, पगार, निवृत्तिवेतने तिच्या खर्चाच्या बाजूला. तिचे नवे वर्ष पाडव्याला उघडत नाही की दिवाळीला नाही. 1867 सालापासून ते 1 एप्रिलला उघडत आले आहे. त्या दिवशी तिची पूजा कोणी करीत नाही, याचे आम्हाला दुःख नाही. तिचे पान कोणी उलटत नाही, याचे आहे.

'आता सगळे ऑनलाइन झाले, आता कोण खाणार?' हे वाक्य गेली दहा-पंधरा वर्षे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते आरतीसारखे तोंडपाठ झाले आहे. मंत्री ते सभेत म्हणतात, अधिकारी बैठकीत म्हणतात, आणि आपल्या घरातले शिकलेसवरलेले चिरंजीव सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणतात. या वाक्यावर आमचा राग आहे. पैशाचा हिशेब यंत्राने ठेवला म्हणून पैसा नीट खर्च झाला असे होत नाही. आज आपल्याकडे जी यंत्रणा उभी आहे ती वरून खाली पाहते. मुंबईचा सचिव तीतून तालुक्याकडे पाहू शकतो; तालुक्यातल्या माणसाला मुंबईकडे तर सोडाच, स्वतःच्या गल्लीतल्या गटाराकडेही तीतून पाहता येत नाही. आणि जोवर ही दृष्टी उलटी फिरत नाही, तोवर कितीही नवी यंत्रे आणली तरी कौटिल्याने मोजून ठेवलेल्या अपहाराच्या चाळीस प्रकारांत एकेचाळिसाव्याची भर पडेल, एवढेच.

यंत्राने काही केलेच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्रात 'बीम्स' नावाची संगणकप्रणाली आहे. कोणत्या खात्याला, कोणत्या कार्यालयाला किती रक्कम वाटून दिली आणि त्यातून किती खर्ची पडली, हे तीत नोंदले जाते. तरतूद शिल्लक नसेल तर कोषागारातून देयक पुढे सरकत नाही. पूर्वी एखाद्या कार्यालयाने तरतुदीपेक्षा जास्त खर्च केला की ते महिनोन् महिने उघडकीस येत नसे. केंद्र सरकारनेही 2009 च्या सुमारास अशीच प्रणाली सुरू केली आणि पुढे तिचा विस्तार करून देशभरच्या योजनांचा पैसा तीतून सोडण्यास आरंभ केला. 1985 साली राजीव गांधींनी रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात अशी कबुली दिली होती. आज शिष्यवृत्ती किंवा पेन्शन थेट खात्यात पडते, मधल्या हातांची संख्या कमी झाली, हे खरे आहे आणि ते लहान काम नव्हे. ज्या म्हातारीला पूर्वी पोस्टमनच्या हातावर दहाची नोट ठेवावी लागे, तिला विचारा.

पण ही वही नेमके काय लिहून ठेवते? तिजोरीतून पैसा बाहेर पडला, की ती लिहिते: खर्च झाला. बस्स. पैसा बाहेर पडण्यापूर्वी सरकारने कोणाला काय कबूल केले होते ते तीत नाही, आणि बाहेर पडल्यावर त्याचे काय झाले तेही नाही.

पहिली गोष्ट आधी घेऊ, कारण ती घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला एका मिनिटात कळेल आणि विधानसभेत मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. समजा, एखाद्या गृहिणीने महिन्याच्या खर्चाची वही ठेवली आहे. रोख दिलेला प्रत्येक रुपया ती त्यात टिपते. महिनाअखेर वही सांगते: चार हजार शिल्लक. मोठा आनंद होतो. तेवढ्यात वाणी येतो. दिवाळीचा रवा, मैदा, तूप, साखर सगळे उधारीवर आणलेले. त्याच्या वहीत नऊ हजार मांडलेले. बाईची वही खोटे बोलत नव्हती. तिने रोखीचा हिशेब विचारला, वहीने रोखीचा हिशेब दिला. आपल्या सरकारचा हिशेब अगदी असाच, रोखीचा असतो. रस्त्याच्या कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता मिळाली, कंत्राटदाराच्या हाती कार्यारंभ आदेश पडला, खडी पडली, रोलर फिरला, मोजमाप पुस्तकात नोंद झाली. तरी देयक अदा होईपर्यंत राज्याच्या लेख्यांत या कामापायी एक पैही देणे दिसत नाही. मग एकेका वर्षी तरतुदीच्या कितीतरी पट कामांना मंजुऱ्या देण्यात मंत्र्यांना अडचण ती काय? नारळ फोडायला तरतूद लागत नाही. 2025 मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर आले. कंत्राटदार या जमातीविषयी आमच्या मनात फारसा जिव्हाळा नाही, पण ज्याने कर्ज काढून काम केले आणि ज्याची मजुरी भागवता भागवता दमछाक झाली, अशा लहान माणसाचा तरी विचार करा. सरकार त्याचे देणे नाकारीत नाही. ते फक्त वहीत नाही!

यावर उपाय आहे आणि तो अगदी जुना आहे. ज्या क्षणी कार्यारंभ आदेश निघाला त्या क्षणी ती रक्कम 'कबूल केलेले देणे' म्हणून वहीत चढली पाहिजे आणि शिल्लक तेवढ्याने कमी दिसली पाहिजे. शिल्लक संपली की पुढचा आदेश निघताच कामा नये. तरतूद नसेल तर देयक अडवण्याची अक्कल ज्या यंत्राला शिकवता आली, त्याला आदेश अडवण्याची शिकवता येत नाही असे कोणी सांगू लागला, तर त्याने यंत्राचे नाव पुढे करू नये, मनातली इच्छा सांगावी.

या मुद्द्याची दुसरी बाजू म्हणजे पुरवणी मागण्या. अंदाजपत्रकात धरलेले नाही असा खर्च उद्भवला, पूर आला, भूकंप झाला, तर विधिमंडळापुढे जाऊन जादा रक्कम मागावी, यासाठी ही सोय. 28 जून 2024 रोजी महाराष्ट्राचा सहा लाख कोटींच्या घरातला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, आणि दोन आठवड्यांच्या आत, जुलै महिन्यात, 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. पंधरा दिवसांत कोणता पूर आला होता? लग्नाची यादी करून, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून, त्यांची मान हलल्यावर दुसऱ्या आठवड्यात 'अहो, मांडव धरायचा राहिलाच' असे म्हणणाऱ्या मुलाला आपण काय म्हणू? त्या मागण्यांत मोठा वाटा 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा होता, आणि या योजनेकडे आता वळणे भागच आहे. कारण आमच्या वाचकांपैकी अनेकींच्या खात्यात तिचे पंधराशे रुपये आलेले असतील, काहींचे बंदही झाले असतील.

बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या नावाचा पैसा यावा, याला आमचा विरोध नाही. नवऱ्याकडे हात न पसरता मुलाची वही घेता येणे ही काय चीज आहे, हे ज्याने पाहिले आहे तो विरोध करणारही नाही. आमचे भांडण क्रमाशी आहे. जून 2024 च्या अखेरीस शासन निर्णय निघाला, ऑगस्टमध्ये पैसे पडू लागले, नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, आणि त्यानंतर छाननी सुरू झाली. जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितले की सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र आढळले आहेत. काही कुटुंबांतून ठरल्यापेक्षा जास्त अर्ज आले होते, काहींनी दुसऱ्या योजनांचा लाभही घेतला होता, आणि काही ठिकाणी तर बहीण म्हणून भाऊच उभे होते! हे सारे खरोखरच अपात्र होते असे धरले, तर 26 लाखांना पंधराशे म्हणजे महिन्याला 390 कोटी रुपये. पाटीवर गुणाकार करून पाहा.

लाभ घेणाऱ्यांत सरकारी नोकरीतल्या स्त्रियाही निघाल्या, ही सर्वांत मजेची गोष्ट. सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार कोण काढतो? सरकारच. त्यासाठी 'सेवार्थ' नावाची संगणकप्रणाली याच वित्त विभागाकडे आहे. म्हणजे कोण आपल्या पदरी नोकरीला आहे, हे सरकारला दर महिन्याच्या पगारपत्रकावरून ठाऊक असते. मोटारीची नोंद परिवहन खात्याकडे, कुटुंबाची नोंद शिधापत्रिकेवर. ही माहिती पैसे देण्यापूर्वी एकमेकींशी ताडून पाहायची होती, ती पैसे दिल्यावर वर्षभराने ताडली. धान्य आधी निवडतात आणि मग शिजवतात. शिजलेल्या भातातले खडे वेचत बसणाऱ्याला आधुनिक म्हणण्याची चाल नवीनच आहे.

याहून वाईट भाग पुढे आहे. खडे वेचताना चांगली शितेही फेकली जातात. ज्या विधवेचे आधारवरचे नाव माहेरचे आणि बँकेतले सासरचे, तिचे पैसे थांबले तर ती कोणाला विचारणार? पडद्यावर 'अपात्र' एवढा एक शब्द येतो. कारण नाही, अपील कोठे करायचे ते नाही. आणि हेच नाव गळाल्यामुळे जो पैसा उरला तो पुढे कोणाच्या तरी भाषणात 'यंत्रणेमुळे झालेली बचत' म्हणून मोजला जातो. खोटा लाभार्थी गळाला तरी बचत, खरा गळाला तरी बचतच!

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा एका दिवाळीची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. 2017 साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी 34,022 कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. 89 लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल असा अंदाज सांगण्यात आला. पूर्वीच्या कर्जमाफीत बँकांनी घोळ घातले, या वेळी सगळे ऑनलाइन, असे ठरले. शेतकरी बायकोला बरोबर घेऊन सेवा केंद्रापुढे रांगेत उभा राहिला. कोठे वीज नाही, कोठे सर्व्हर बंद, कोठे कष्टाने झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्राला ओळखू येईना. मग 18 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ होऊन निवडक शेतकऱ्यांना सपत्नीक मान देऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रे वाटली गेली. छायाचित्रे निघाली. आणि त्यानंतर कळले की याद्या जुळत नाहीत! बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे होती. अर्जातले आकडे आणि बँकेतले आकडे वेगळे होते. प्रमाणपत्र हातात आणि कर्ज डोक्यावर, अशा अवस्थेत अनेकांची ती दिवाळी गेली.

दोष कोणाचा? तेव्हा संगणकाचा म्हणून सांगण्यात आला. संगणक बिचारा! गावच्या सोसायटीच्या वहीत वर्षानुवर्षे जे लिहिले गेले तेच त्याच्यात भरले. ते कधी कोणी गावात बसून वाचून दाखवले असते, 'अमक्या तमक्याचे पीककर्ज इतके, बरोबर आहे का रे बाबा?' असे चावडीवर विचारले असते, तर पंधरा दिवसांत निम्म्या चुका तेथेच दुरुस्त झाल्या असत्या. पण ज्याचे कर्ज त्याला यादी दाखवायची, ही कल्पनाच मुळी कोणाच्या मनात आली नाही. यादी वर जाते, वरूनच खाली येते.

वरून पाहणाऱ्या डोळ्याची फजिती पाहायची असेल तर रोजगार हमीच्या हजेरीची गोष्ट ऐका. ही योजना मुळात महाराष्ट्राची. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती वाढली आणि पुढे 2005 मध्ये केंद्राने देशासाठी तसा कायदा केला. खोट्या हजेऱ्यांचा रोग जुनाच. त्यावर केंद्राने औषध काढले: कामाच्या जागेवरून मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा मोबाइलवरून पाठवायचे, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. 1 जानेवारी 2023 पासून हे सक्तीचे झाले. आता मजूर खोटा कसा दाखवणार? दाखवला की! जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून गैरप्रकारांची यादी दिली. छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवलेले. कामाशी काडीचाही संबंध नसलेली चित्रे. एकच घोळका अनेक हजेरीपटांवर. हजेरीपटावर जितके मजूर, त्यांच्याशी चित्रातल्या माणसांचा मेळ नाही. यावर मंत्रालयाने सुचवलेला उपाय कोणता? ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसाने तपासून पाहावे! म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्र फसते म्हणून पुन्हा माणूस बसवला. या खटाटोपात नेटवर्क नसलेल्या डोंगरावर दिवसभर माती उपसणाऱ्या बाईची हजेरी चढली नाही, तर तिची मजुरी बुडाली. खोटा घोळका पगार घेऊन गेला, खरी बाई ऊन खाऊन आली.

आता हीच चोरी कोणी कशी पकडली होती ते सांगतो. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात कोटकिराणा या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने एक सभा भरवली. संगणक नव्हता. अक्षांश-रेखांश नव्हते. मिळालेली हजेरीपटांची आणि देयकांची माहिती गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली, एवढेच. नावे वाचली जाऊ लागली तसे लोक उठून सांगू लागले: हा तर या कामावर कधी आलाच नाही, हे काम तर झालेलेच नाही. दिल्लीतल्या कोणत्या पडद्यावर ते दिसले असते? कामावर कोण होते हे गावाला माहीत असतेच. फक्त सरकारने काय लिहिले आहे ते गावाला माहीत नसते. त्या जनसुनावण्यांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात 2002 मध्ये आणि देशात 2005 मध्ये कायदा झाला. त्या कायद्याचे चौथे कलम सांगते की अंदाजपत्रक, अनुदाने, लाभार्थी यांची माहिती सरकारने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावी. राजस्थानने 2019 मध्ये त्यासाठी 'जन सूचना पोर्टल' उघडले. तीच यंत्रे, तोच डेटा. पण तोंड लोकांकडे.

'अहो, पण आमच्याकडेही सगळे संकेतस्थळावर आहे', असे कोणी अधिकारी म्हणतील. आहे, हे मान्य. विभागवार खर्चाची टक्केवारी वृत्तपत्रवाले तेथूनच काढून छापतात. पण ते कोणत्या भाषेत आहे? सरकारी खर्चाला लेखाशीर्षे असतात. 5054 म्हणजे रस्ते व पूल यांवरील भांडवली खर्च. 2210 म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. त्याच्यापुढे आणखी आकड्यांची शेपटी. हिशेबनीसाला ही विभागणी लागते, त्याविषयी तक्रार नाही. पण ज्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नाही, त्याने 2210 कडे पाहून काय करावे? त्याला हवे आहे ते असे: आमच्या केंद्राला यंदा औषधांसाठी किती मंजूर, किती आले, कोणत्या तारखेला, कोणाकडून काय घेतले. ही माहिती सरकारजवळ नाही असे नाही. ती चार खात्यांच्या चार प्रणालींत चार वेगवेगळ्या क्रमांकांनी विखुरलेली आहे. मान्यतेचा क्रमांक निराळा, निविदेचा निराळा, देयकाचा निराळा. एका कामाला जन्मापासून अखेरपर्यंत एकच क्रमांक द्या आणि तो कामाच्या जागेवरच्या फलकावर रंगवा. माणसाला बारशाला मिळालेले नाव लग्नात, नोकरीत आणि बँकेत चालते, मग पुलाला का चालू नये?

आमचे एक स्नेही आयुष्यभर कोषागारात होते. 31 मार्चच्या रात्रीचे वर्णन ते जत्रेसारखे करीत. वर्षभर झोपलेली कार्यालये मार्चमध्ये जागी होतात, कारण न खर्चलेला पैसा परत जातो. अखेरच्या महिन्यांतली ही घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग होय, असे केंद्राच्या वित्तीय नियमांत स्वच्छ लिहिले आहे. पण पैसा परत जाऊ द्यायचा नसेल तर एक सोपी युक्ती असते: तो काढून एखाद्या वैयक्तिक ठेव खात्यात टाकायचा. वहीत 'खर्च' चढतो, पैसा मात्र खात्यात निवांत झोपतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल या खात्यांविषयी आणि वर्षानुवर्षे न आलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांविषयी बोलून दमले. ते अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवले जातात. आमदार मंडळी तोवर गाडीत बसलेली असतात.

'सामान्य माणसाला आकड्यांतले काय कळणार?' हा शेवटचा बुरूज. मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. सोलापूरच्या शाळेतले एक मास्तर, गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी अहवाल आणि आकडेवारीची पुस्तके मिळवून वाचीत. ना अधिकार, ना पद, ना यंत्र. त्यांच्याकडून आकड्यांची तालीम घेतलेले गोपाळ कृष्ण गोखले 1902 साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. सरकार शिलकीचा डांगोरा पिटत होते. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की ही शिल्लक सुबत्तेची नव्हे. रुपयाचा भाव पडलेला असताना बसवलेले जड कर भाव सावरल्यावरही तसेच चालू ठेवल्याची ती खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, अशी त्यांची मागणी. तो कर मणामागे अडीच रुपये होता. 1903 मध्ये दोन झाला, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक. सारे श्रेय एकट्या गोखल्यांना द्यावे असे नाही. पण परक्या सरकारची इंग्रजी वही एका मराठी मास्तराला वाचता आली, आणि आपल्या सरकारची मराठी वही आपल्याला वाचता येणार नाही, हे कसे?

त्याआधीचेही पाहा. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात नाना फडणिसांच्या काळी रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांची अशी शिस्त होती की दोन शतकांनंतरही अभ्यासकांना त्यावरून राज्याचा जमाखर्च मांडता येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ते दफ्तर विस्कटले. राज्य त्याच कारणाने बुडाले असे आम्ही म्हणणार नाही, इतिहासकार आमच्यावर धावून येतील. पण विस्कटलेले दफ्तर आणि विस्कटलेले राज्य एकाच वाड्यात नांदत होते, एवढे खरे.

अलीकडे आणखी एक आडोसा तयार होतो आहे, खासगीपणाचा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद बदलली. कोणाचा आधार क्रमांक, कोणाचे बँक खाते चव्हाट्यावर येऊ नये, हे शंभर टक्के मान्य. पण हजेरीपटावरचे नावही 'वैयक्तिक' म्हणून झाकले गेले, तर कोटकिराण्यात जे वाचले गेले ते पुन्हा कोठेच वाचता येणार नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कंत्राटदाराचे नाव, कामाची लांबी-रुंदी, सिमेंटच्या पोत्यांची संख्या यांत कोणाची अब्रू जाते? ज्याची जात असेल त्याची जाऊ द्यावी.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. मंजुरी देताच देणे वहीत चढावे. पैसे देण्यापूर्वी याद्या जुळवाव्यात आणि नाव गाळताना कारण लिहून द्यावे. कामाला एकच क्रमांक असावा. आणि वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत, शहरात असेल तर प्रभागात, त्या त्या जागच्या खर्चाचे पान मोठ्याने वाचले जावे; वाचणारा ग्रामसेवक नसावा, गावची शिकलेली मुलगी असावी, कारण तिला कंत्राटदाराच्या भावाबरोबर पुढच्या वर्षी काम करायचे नसते.

हे सगळे होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. 2020 मध्ये सुरू झालेले 'ई-ग्रामस्वराज' हे संकेतस्थळ आहे. वित्त आयोगाच्या निधीतून आपल्या ग्रामपंचायतीला काय मिळाले आणि त्यातून कोणती व्हाउचरे निघाली, हे त्यावर पासवर्डाशिवाय दिसते. फारच थोडे लोक तिकडे फिरकतात. दिवाळीला पुण्या-मुंबईहून मुले घरी आलेली आहेत. प्रत्येकाच्या खिशात एक एक फोन आहे आणि करंज्या खाऊन झाल्यावर दुपारी कोणालाच काही उद्योग नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे निवडत गेले की पान उघडते. त्यावर अंगणवाडीच्या रंगकामाचे व्हाउचर दिसले, तर घरून अंगणवाडीपर्यंत चालत जायला फार तर दहा मिनिटे लागतील.